आईबापांना दाराबाहेर कोणी ठेवलं?

‘लॅटिनो आईबापांना शिक्षणाची पडलेली नसते. इंग्रजी येत नाही, मदत करता येत नाही, उलट कॉलेजात गेलेल्या पोरांच्या पायात घराची दोरी.’ अमेरिकेतल्या आपल्या मराठी गटांवर लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, कुटुंबांबद्दल असा मजकूर वरचेवर फिरतो. तो अन्यायाचा आहे आणि चुकीचाही.

आधी ‘पडलेली नसते’ बघू. प्यू हिस्पॅनिक सेंटर या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने २००९ मध्ये १६ ते २५ वयाच्या लॅटिनो मुलामुलींना विचारलं होतं की, हायस्कूलनंतर सगळ्यांत महत्त्वाचं काय, असं तुमच्या आईवडिलांना वाटतं? ७७ टक्के म्हणाले, कॉलेज. शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्यांपैकी ७४ टक्क्यांनी कारण दिलं ते घराला हातभार लावण्याचं. ही ओढगस्त आहे, अनास्था नाही. कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवत, तेव्हा गोन्साल्वो मेंडेझ आणि आणखी चार बाप कोर्टात गेले आणि १९४७ मध्ये अपिलातही जिंकले. शाळांमधला वंशभेद बेकायदा ठरवणाऱ्या, देशभर गाजलेल्या ब्राउन निकालाच्या सात वर्षं आधी!

आता मदत. स्पॅनिशमधल्या ‘एदुकासिओन’ या शब्दात शाळेचं शिक्षण आणि घरचं वळण दोन्ही येतं. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. कॅल्क्युलस शिकवणं हे आईचं काम नव्हेच. पण वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास अभ्यास लागतो, हे तिला तिच्या भाषेत कोणी सांगितलं का? नसेल, तर चारला वर्ग सुटलेली मुलगी रात्री नऊपर्यंत लायब्ररीत काय करते, हा प्रश्न तिला पडणारच, आणि धाकट्याला सांभाळायला ती मुलीला घरी बोलावणारच. मुलीने घराजवळच राहावं हा आग्रह काही घरांत असतो, हे मी नाकारत नाही. पण ज्या आईला कारण कळलंय तीच मुलीच्या बाजूने नातेवाइकांशी भांडते.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. कॅलिफोर्नियात शाळेतल्या १५ टक्के किंवा जास्त मुलांची घरची भाषा एकच, पण इंग्रजीहून वेगळी असेल, तर घरी जाणाऱ्या सूचना त्या भाषेतही द्याव्या लागतात. हा नियम बारावीपर्यंतच. पुढे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, फाफ्सा, येतो. डिसेंबर २०२३ अखेर तो नव्या रूपात आला, तेव्हा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, नसलेल्या अनेक पालकांना मार्चपर्यंत तो ऑनलाइन भरताच येईना. मदत करायला बसलेल्या बापालाच वेबसाइट आत घेत नव्हती.

शेवटचा मुद्दा: ‘कायद्यानेच कॉलेज पालकांशी बोलू शकत नाही.’ १९७४ चा फर्पा कायदा विद्यार्थ्याच्या नोंदींची गुप्तता जपतो. फी, वसतिगृह, परीक्षा, मदतीच्या तारखा सर्वांना समजावून सांगायला तो आडवा येत नाही, आणि मुलाने लेखी संमती दिली तर गुणही दाखवता येतात. तेव्हा कॉलेजांनो, संमतीचा कागद पहिल्याच दिवशी मुलांपुढे ठेवा, आणि शेजारच्या खोलीत आईबापांशी स्पॅनिशमध्ये बोला. मंगळवारी दुपारी नको, तेव्हा ती कामावर असतात. रविवारी चर्च आटोपल्यावर ठेवा, आजीसुद्धा येईल.