प्लगच्या भोकात पेट्रोल ओतायला सांगणाऱ्यांनो

'जुनी बाईक स्टार्ट होत नाही? मेकॅनिकला पैसे देऊ नका!' असा सहा उपायांचा मेसेज पाऊस लागला की फिरायला लागतो. यंदा तो आमच्या काकांकडे पोचला. काका ठाण्यात नौपाड्यात राहतात. त्यांची 1997ची हीरो होंडा स्प्लेंडर वंदना टॉकीजपाशी साचलेल्या पाण्यातून घरापर्यंत आली आणि दुसऱ्या दिवशी किकला दादच देईना. सोसायटीच्या पार्किंगमधून फोन आला, "अरे, त्यात दोन झाकणं लिहिलंय. कुठल्या बाटलीचं झाकण?" तेव्हा माझं डोकंच फिरलं.

ही दोन झाकणं म्हणजे उपाय तिसरा: 'प्लग काढा, भोकात दोन झाकणं पेट्रोल टाका, प्लग कॅपला लावून भोकाजवळ धरा आणि किक मारा. ठिणगी दिसली की करंट ठीक.' (प्लग म्हणजे सिलेंडरवर बसवलेला, ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग; कॅप म्हणजे त्यावर बसणारी वायरची टोपी.) किक मारली की पिस्टन वर येतो आणि ओतलेलं पेट्रोल त्याच भोकातून फवाऱ्यासारखं बाहेर फेकतो. बरोबर तिथेच तुम्ही ठिणगी पाडताय! पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. शिवाय ती हवेपेक्षा जड, त्यामुळे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये फरशीलगत पसरते. शेजारी लोकांच्या गाड्या उभ्या, वर माणसं राहतात. हा उपाय लिहिणाऱ्याने एकदा स्वतःच्या इमारतीखाली करून दाखवावा. नको, दाखवूही नये.

दुसरा उपाय त्याचाच धाकटा भाऊ: प्लग हातात धरून किक मारा, झटका बसला तर कॉइल (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी) चांगली. हजारो व्होल्टचा झटका खाऊन एवढंच कळतं की काहीतरी येतंय. सिलेंडरमधल्या दाबाखाली ठिणगी पडेल का, हे कळतच नाही. पेसमेकर असलेल्या माणसाने तर या भानगडीत पडूच नये.

होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली पद्धत साधी आहे. गाडीतला प्लग जागेवरच राहू द्या म्हणजे भोक बंद राहतं. दुसरा चांगला प्लग कॅपमध्ये बसवा, त्याची धातूची बाजू सिलेंडर हेडला नीट टेकवा आणि मग किक मारा. कॅप नुसती लोंबकळत ठेवून किक मारत बसलात तर कॉइल आणि सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दोन्हींवर ताण येतो.

आणि ठिणगी नाही दिसली म्हणून लगेच 'नवीन सीडीआय टाका' (उपाय पाचवा)? सीडीआय सगळ्यात शेवटी. आधी प्लग कॅप फिरवून काढा, आतलं पाणी पुसा, वायरचं टोक हिरवट पडलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून कॅप पुन्हा घट्ट बसवा. मग इग्निशन स्विच. या जुन्या होंडा गाड्यांत चावी बंद केली की काळी-पांढरी वायर अर्थ होते, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडली जाते, आणि करंट थांबतो. स्विचमध्ये पाणी शिरलं तर चावी चालू असूनही ती वायर अर्थच राहते. ती कनेक्टरमधून सोडवून तपासा. ठिणगी आली तर दोषी स्विच. काकांच्या गाडीत हेच निघालं. मात्र वायर सुटी असेपर्यंत चावीने इंजिन बंद होत नाही, हे लक्षात ठेवा. यानंतरही काही नाही, तर कॉइलच्या प्रायमरीला (सीडीआयकडून करंट येतो ती बाजू) किमान 100 व्होल्ट आणि पल्सर कॉइलला (सीडीआयला ठिणगीची वेळ कळवणारी) किमान 0.7 व्होल्ट पीक, म्हणजे क्षणभराचा सर्वोच्च आकडा, मिळायला हवा. साधा मल्टिमीटर हा आकडा नीट दाखवत नाही, पीक अॅडाप्टर लागतो. तिथे मात्र मुकाट्याने मेकॅनिककडे जा.

पहिला उपाय, 'आधी बॅटरी बदला'. काकांच्या गाडीत ठिणगीचा करंट बॅटरीतून येतच नाही, तो मॅग्नेटमधल्या, इंजिन फिरलं की वीज तयार करणाऱ्या एक्सायटर कॉइलमधून येतो. बॅटरी मेली तरी किकवर गाडी चालू होते. सीडीआयऐवजी पॉइंट (यांत्रिक स्विच) असलेल्या जुन्या बुलेटला मात्र बॅटरी लागते, तेवढं त्याचं खरं.

सहावा, प्लग पॉलिश पेपरने घासणे. नवीन प्लग फार महाग नसतो, बदला.

राहिला चौथा: 'ई20 पेट्रोलमुळे (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) करंट जातो.' पेट्रोलचा ठिणगीशी काय संबंध? पण नाइलाजाने अर्धं कबूल करतो. इथेनॉल पाणी ओढतं, आणि 1997च्या गाडीचे रबरी भाग या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. महिनाभर उभी राहिलेली गाडी त्यामुळे अडू शकते. प्लग काढून पाहा. ओला असून ठिणगी नाही, तर वर सांगितलेलं करा. ठिणगी आहे पण प्लग कोरडा, तर पेट्रोल पोचत नाहीये. पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्ब्युरेटरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल डब्यात काढा, स्क्रू पुन्हा घट्ट करा आणि मग कॉक उघडा. हे मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना आणि प्लग पुन्हा जागेवर बसवूनच.