'युवर्स फेथफुली'मधला लहान एफ

मागच्या आठवड्यात एका ओळखीच्या तरुणाने नोकरीसाठी लिहिलेला इंग्रजी अर्ज माझ्याकडे तपासायला पाठवला. मजकूर नेटका होता. परंतु अखेरीस 'थँकिंग यू' आणि 'युवर्स फेथफुली' यांतला प्रत्येक शब्द कॅपिटल अक्षराने सुरू झाला होता आणि 'युवर्स'मधल्या एसच्या आधी ॲपॉस्ट्रॉफीही टांगलेली होती. ॲपॉस्ट्रॉफी मी खोडली, ती तिथे कधीच लागत नाही. एफ मात्र लहान केला, तेव्हा त्याने विचारले, "हे उद्धट वाटणार नाही ना?"

या प्रश्नातच सगळी मेख आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. शिवाय आदरार्थी अनेकवचनाची आपल्याला इतकी सवय असते, की इंग्रजीत ते सापडले नाही म्हणजे त्याचे काम आपण बहुधा कॅपिटल अक्षराकडे सोपवतो. मायन्यातल्या 'डिअर सर'मध्ये सरचा एस कॅपिटल असतो, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो.

वास्तविक समारोपाची ओळ ही मुळात एका लांबलचक वाक्याची शेपटी आहे. पूर्वीची पत्रे 'आपला आज्ञाधारक सेवक असण्याचा मान मला आहे' अशा अर्थाच्या वाक्याने संपत आणि त्या वाक्यातच सही मिसळून जाई. अमेरिकेतील राजकीय नेते अलेक्झांडर हॅमिल्टन आणि ॲरन बर यांनी १८०४ साली एकमेकांना लिहिलेली पत्रेही अशीच संपतात. त्याच पत्रव्यवहारातून ठरलेल्या द्वंद्वात बरच्या गोळीने हॅमिल्टनचा मृत्यू झाला, पण सहीपर्यंत दोघेही परस्परांचे आज्ञाधारक सेवकच होते! पुढे वाक्य झडले आणि शेपटी उरली. ती नव्या ओळीवर येते म्हणून पहिला वाय कॅपिटल, बाकीचे शब्द वाक्याच्या मधले म्हणून लहान, आणि वाक्य नावापाशी पुरे होते म्हणून शेवटी स्वल्पविराम. 'थँकिंग यू' हाही त्याच वाक्याचा तुटलेला तुकडा आहे. त्याऐवजी 'थँक यू' लिहून सरळ पूर्णविराम द्यावा, असे माझे मत आहे.

फेथफुली की सिन्सिअरली, हा वाद मात्र विनाकारण वाढवला जातो. ब्रिटिश रीतीनुसार मायन्यात नुसते 'डिअर सर' असेल तर फेथफुली आणि नाव घातले असेल तर सिन्सिअरली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एकट्या 'सिन्सिअरली'वर भागते. त्या तरुणाने व्यवस्थापकांचे आडनाव लिहून शेवटी फेथफुली घातले होते, ते मी बदलले.

ई-मेलमधल्या 'वॉर्म रिगार्ड्स'लाही हाच नियम लागू आहे, म्हणजे त्यातला आर लहान. हे शब्द सहीसोबत आपोआप उमटण्याची सोय अनेकांनी करून ठेवलेली असते; तिथे एकदाच दुरुस्ती करून घ्यावी, नाहीतर तीच चूक प्रत्येक ई-मेलबरोबर जात राहते.