मोठ्या खिडकीवरचा बंद पडदा

‘घर घेताना किंवा बांधताना खिडक्या जितक्या मोठ्या करता येतील तितक्या करा,’ असं सांगणारा एक संदेश गेले काही महिने हातोहात फिरतो आहे. त्यात कारणंही दिली आहेत. भरपूर उजेड येतो, त्यामुळे विजेचं बिल घटतं. हवा खेळती राहते. घरबसल्या ऊन मिळून ड जीवनसत्त्व तयार होतं. निसर्गाशी नातं जुळतं. आणि आता नव्या काचा आल्यामुळे उन्हाचा त्रास उरलेलाच नाही.

मी चार वर्षं अशा घरात राहिले आहे. दिवाणखान्याची पश्चिमेकडची अख्खी भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची होती. घर पाहायला गेलो तेव्हा सकाळ होती, आणि त्या काचेसमोर उभं राहूनच आम्ही हो म्हटलं. त्यानंतरच्या चार वर्षांत दुपारी बारा ते संध्याकाळी सहा या वेळेत त्या काचेवरचा पडदा उघडा राहिल्याचे दिवस बोटांवर मोजता येतील. म्हणून या संदेशातला एकेक मुद्दा तपासून पाहावासा वाटतो.

उजेडापासून सुरुवात करू. खोलीत उजेड किती आत पोचतो हे काचेच्या क्षेत्रफळापेक्षा काचेची वरची कड किती उंच आहे यावर जास्त ठरतं. ढोबळ हिशेब असा, की खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दीड ते दोन पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड मिळतो. कड २.१ मीटरवर असेल तर तीन-चार मीटर. टेबलाच्या पातळीखालची, म्हणजे जमिनीपासून पाऊण मीटरपर्यंतची काच टेबलावरच्या उजेडात जवळपास काहीच भर घालत नाही. तिच्यातून आलेला प्रकाश फरशीवर पडतो. म्हणजे खिडकी खाली जमिनीपर्यंत ओढून जो भाग वाढवला, तो वाचायला-लिहायला उपयोगी पडत नाही. तीच काच वर, छताच्या जवळ नेली असती तर खोलीचा मागचा कोपरा उजळला असता.

शिवाय डोळ्याचं वागणंही लक्षात घ्यायला हवं. समोर प्रचंड उजळ काच असली की बाहुली आकुंचन पावते आणि खोलीचा आतला भाग आहे त्याहून काळोखा वाटायला लागतो. संगणकाच्या पडद्यावर खिडकी उमटते, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा काळा दिसतो. मग माणूस उठून पडदा ओढतो आणि दिवा लावतो. आमच्याकडे भर दुपारी दिवा लागत असे, तो उजेड कमी होता म्हणून नव्हे, अति होता म्हणून. विजेच्या बचतीचा पहिला आधार इथेच ढासळतो.

दुसरा आधार त्याहून कच्चा आहे, कारण घरातल्या दिव्यांना लागणारी वीज मुळात थोडी. एलईडी दिवा दहा वॉटच्या आसपास घेतो. आता ऊन मोजा. आकाश स्वच्छ असेल तर दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या काचेच्या दर चौरस मीटरवर साधारण ६०० वॉट ऊन पडू शकतं. साधी एकेरी काच त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग आत सोडते. सहा चौरस मीटर काच असेल तर झाले २,८०० वॉटहून जास्त, म्हणजे एक हजार वॉटचे जवळजवळ तीन हीटर खोलीत चालू ठेवल्यासारखं. दोन दिवे वाचवण्यासाठी तीन हीटर लावायचे आणि मग ते विझवायला एसी. या हिशेबात बचत कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

‘पडदा लावा की’ हे उत्तर लगेच येतं. पण पडदा आतल्या बाजूला असतो. ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर आदळतं, पडदा तापतो, आणि तापलेल्या पडद्याची उष्णता दीर्घ लहरींची असते. या लहरी काचेतून परत बाहेर जाऊ शकत नाहीत. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवावं लागतं: छज्जा, बाहेरची झडप, जाळी, झाड. त्यातही दिशा पाहावी लागते. उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीवर उन्हाळ्यात सूर्य बराच उंच असतो, तिथे साधा आडवा छज्जा काम करतो. पूर्व-पश्चिमेला सूर्य खाली उतरलेला असतो, त्याचे किरण छज्जाच्या खालून सरळ आत घुसतात. आमच्या घराला छज्जा होता. त्याचा दुपारी चार वाजता शून्य उपयोग होता.

आणखी एक गोष्ट, जी राहिल्याशिवाय कळत नाही. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा खोलीत २६ अंश दाखवत असतो आणि तरी काचेजवळच्या खुर्चीत बसवत नाही. शरीराला हवेइतकीच आजूबाजूच्या पृष्ठभागांची धग जाणवते. तापलेली काच शेकते. थंड प्रदेशात याच्या उलट होतं: गार काच अंगातली ऊब ओढून घेते, काचेला लागलेली हवा जड होऊन खाली सरकते आणि पायांना वारा लागतो. दोन्हीकडे परिणाम एकच, काचेलगतचा पट्टा कुणी वापरत नाही. चौरस फुटांचे पैसे त्याचेही मोजलेले असतात.

हे काही नवं नाही. पॅरिसमधल्या ‘सिते द रफ्यूज’ या निवारागृहाला वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी दक्षिणेकडे सुमारे एक हजार चौरस मीटरची बंद काचभिंत दिली. इमारत १९३३ मध्ये उघडली. दुहेरी काच आणि थंडाव्याची योजना खर्चापायी गळाली होती. उन्हाळ्यात आत राहणं असह्य झालं, शेवटी तिथे उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या आणि पुढे बाहेरून ऊन अडवणाऱ्या पट्ट्याही आल्या. अमेरिकेत इलिनॉय राज्यात वास्तुकार मीस व्हान डेर रोह यांनी डॉ. इडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेलं काचेचं घर १९५१ मध्ये पूर्ण झालं. चारही बाजूंना एकेरी काच, उघडता येतील अशा खिडक्या फक्त दोन, त्याही लहान. ते आजही वास्तुकलेच्या पुस्तकांत मानाने छापलं जातं. त्यात राहणाऱ्या बाईंना मात्र उन्हाळ्यात उकाडा आणि हिवाळ्यात काचांवरून ओघळणारं पाणी सोसावं लागलं.

‘त्या जुन्या काचा झाल्या, आता लो-ई (उष्णता परतवणारा अतिपातळ थर दिलेली काच) आली,’ हा मुद्दा मी गंभीरपणे घेते, कारण तो अर्धा खरा आहे. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ५.७ वॉट उष्णता पार होते, साध्या दुहेरी काचेतून २.८ च्या आसपास. लो-ई थर आणि आर्गॉन वायू असलेली चांगली दुहेरी काच हा आकडा १.१ ते १.३ पर्यंत खाली आणते. सुधारणा मोठीच आहे. पण नीट इन्सुलेशन केलेली भिंत ०.३ किंवा त्याहूनही खाली असते. म्हणजे उत्तम काच भिंतीच्या चौपट गळकी. आणि हा आकडा उन्हाचा नाहीच. उष्ण प्रदेशात पाहायचा तो सौर उष्णता गुणांक, काचेवर पडलेल्या उन्हातला किती भाग आत येतो तो. विकणारा बहुधा पहिला आकडा सांगतो, दुसरा तुम्ही विचारायला हवा. शिवाय दुहेरी काचेच्या कडेचं सील कधीतरी जातं. मग दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं, ते आतून पुसता येत नाही आणि बाहेरूनही नाही. ते युनिटच बदलावं लागतं.

हवा खेळती राहते? मोठ्या काचेचा बराच भाग बहुतेक वेळा पक्का बसवलेला असतो. दोन ट्रॅकची सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी निम्मीच उघडते. आणि एकाच बाजूला कितीही मोठं भोक असलं तरी वारा आरपार जायला दुसऱ्या बाजूला वाट लागते. समोरासमोरच्या दोन लहान खिडक्या एका भव्य काचेपेक्षा जास्त वारा देतात. इथे अधिक बोलायची गरज नाही.

ड जीवनसत्त्वाचा मुद्दा साफ चुकीचा आहे, आणि तो आरोग्याच्या नावाखाली पसरतो म्हणून जास्त खटकतो. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार व्हायला अतिनील-बी किरण लागतात, आणि खिडकीची साधी काच ते जवळजवळ सगळे अडवते. अतिनील-ए मात्र मोठ्या प्रमाणात आत येतात. त्यांनी जीवनसत्त्व तयार होत नाही, त्वचा मात्र वयापेक्षा आधी सुरकुतते. बाळाला किंवा आजीला काचेमागच्या उन्हात बसवून ‘ऊन दिलं’ असं समजू नका. खिडकी उघडा किंवा बाहेर न्या.

संदेशात आवाजाबद्दल अवाक्षर नाही. भिंत ५० डेसिबल आवाज अडवणारी आणि काच ३० अडवणारी असेल, तर भिंतीचा दहावा भाग काचेचा असताना दोन्ही मिळून ४० अडवतात. निम्मा भाग काचेचा केला की ३३. म्हणजे जाड भिंत असून नसल्यासारखी. लहान मुलं असतील तर खालची काच टफन्ड आहे की लॅमिनेटेड, हे विचारा. टफन्ड फुटली की तिचे बारीक कण होऊन मोकळी जागा उरते, लॅमिनेटेडचे तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. आणि उघडणाऱ्या भागाला अटकाव हवाच, डासांची जाळी मुलाचं वजन पेलत नाही.

एकांताचं काय? दिवसा बाहेरून आतलं कमी दिसतं, रात्री दिवा लागला की सगळं उलटतं. आतल्याला काळी काच आणि स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, बाहेरच्याला अख्खी खोली. ‘बाहेरून दिसत नाही’ म्हणून लावलेली चकचकीत फिल्मही उजेडाच्या बाजूनेच आरसा होते, त्यामुळे रात्री ती कामाची नाही. लंडनमध्ये टेट मॉडर्न संग्रहालयाची प्रेक्षक-गच्ची २०१६ मध्ये उघडली आणि शेजारच्या काचेच्या इमारतीतल्या रहिवाशांकडे रोज शेकडो लोक पाहू लागले, फोटो काढू लागले. खालच्या दोन्ही न्यायालयांत रहिवासी हरले. सर्वोच्च न्यायालयाने १ फेब्रुवारी २०२३ रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. पण प्रत्येकाच्या खिडकीसाठी कुणी इतकं लढणार नाही. बाकीचे पडदा ओढतात.

राहिलं निसर्गाशी नातं. इथे संदेशात खरं काहीतरी आहे. १९८४ मध्ये रॉजर उल्रिक यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खिडकीतून झाडं दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. पण त्या अभ्यासात फरक होता तो समोर काय दिसतं याचा. दोन्ही गटांना खिडकी होतीच. बसल्या जागेवरून झाड दिसेल अशी नेमक्या ठिकाणची खिडकी, जिच्यावरचा पडदा दिवसभर उघडा राहू शकतो, ती मला माझ्या जुन्या काचभिंतीपेक्षा शंभरदा चालेल. आता ज्या घरात राहते तिथे तशी एक आहे.

आणि ज्या निसर्गाशी नातं जोडायचं त्यात पक्षीही येतात. त्यांना काच दिसत नाही, तिच्यात उमटलेलं आकाश आणि झाड दिसतं. एकट्या अमेरिकेत दरवर्षी ३६.५ कोटी ते जवळपास १०० कोटी पक्षी इमारतींवर आदळून मरतात, असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरांचाही मोठा वाटा आहे. आमच्या काचेखाली मला पहिला पक्षी सापडला तेव्हा मी ससाण्याच्या आकाराचं एक स्टिकर आणून आतून चिकटवलं. त्याने काही झालं नाही. ठिपके काचेच्या बाहेरच्या बाजूला लावावे लागतात, संपूर्ण काचेवर, दोन ठिपक्यांत पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता. हे मला तिसऱ्या पक्ष्यानंतर कळलं.