21 दिवसांत 10 किलो? आत्याच्या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर गेल्या महिन्याभरात एकच मेसेज चार जणांनी टाकलाय, आधी मामेभावाने, मग काकांनी, मग सोसायटीच्या ग्रुपवरून उचलून वहिनीने आणि परवा आत्याने, तिने तर वर स्वतःचं लिहिलंय, "नक्की वाचा, माझ्या भिशीतल्या एकीचं 6 किलो उतरलं". मेसेजचं नाव '21 दिवसांत 10 किलो, जिम नाही खर्च नाही'. आत सात कलमं आहेत. सकाळी लिंबू-मधाचं पाणी, चरबी वितळते. भात कायमचा बंद, भाकरी हवी तेवढी खा. संध्याकाळी 7 नंतर तोंडात काही टाकायचं नाही. रोज 10,000 पावलं, एक कमी चालणार नाही. पोटाला पट्टा बांधून 100 क्रंचेस, घाम म्हणजे चरबीचं पाणी. आठवड्यातून दोन उपवास. आणि सातवं, बायकांनी वजनं उचलू नयेत, अंग पुरुषी होतं. शेवटी नेहमीचं, डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत.

मी डॉक्टर नाही, डायटिशियनही नाही, बँकेत बसते, त्यामुळे आकडा दिसला की टॅली करून बघायची खोड आहे. म्हणून आधी मथळाच घेते. अंगावरची 1 किलो चरबी म्हणजे ढोबळ 7,700 कॅलरी, म्हणजे 10 किलोच्या झाल्या 77,000, भागिले 21, रोज साधारण 3,670 ची तूट पाहिजे. माझ्यासारखी 62 किलोची, दिवसभर खुर्चीत बसणारी बाई दिवसाला खर्चच करते 1,800 च्या आसपास. म्हणजे 21 दिवस तोंडाला कुलूप लावून बसले तरी कागदावर 5 किलोसुद्धा भरत नाहीत, उरलेल्या कॅलरी काय उसन्या आणायच्या?

मग भिशीतल्या बाईचे 6 किलो गेले कुठे? बाई खोटं बोलत नसणार, काट्यावर आकडा दिसलाच असेल. पण खाणं एकदम तोडलं की आधी संपतो तो लिव्हर आणि स्नायूंमधला साखरेचा साठा, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते पाणीही जातं. मीठ कमी झालं की अजून थोडं पाणी, पोटच रिकामं म्हणून अजून थोडं. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो असे सहज जातात आणि घरात एक लग्न झालं की तेवढेच परत येतात.

लिंबू-मधावर फार वेळ घालवत नाही. लिंबात चरबी वितळवणारं काही नसतं, असतं तर लोणच्याच्या बरणीतलं तेल पहिलं गायब झालं असतं. आणि मोठा चमचाभर मध म्हणजे 60 कॅलरी, चहात तीन चमचे साखर घातल्यासारखं. चहाऐवजी घेत असाल तर ठीक, पण आपण घेतो दोन्ही.

आता भात. इथे मला खरंच राग येतो, कारण आमच्या घरात या मेसेजमुळे नवऱ्याने भात सोडला, रात्री वरणाबरोबर तीन भाकरी खायला लागला आणि महिन्यानंतर विचारतो की वजन हलत का नाही. म्हणून मी केकसाठी आणलेला छोटा डिजिटल काटा ओट्यावर ठेवला आणि भाकरी थापायच्या आधी पीठ मोजलं. एका भाकरीला 80 ग्रॅम. 100 ग्रॅम तांदूळ घ्या, ज्वारीचं पीठ घ्या, कणीक घ्या, सगळ्यांत कॅलरी 330 ते 360 च्या मधेच, म्हणजे ती एक भाकरी 270 च्या घरात, तीन झाल्या 800. आणि आधी तो खायचा तो वाटीभर भात, शिजलेला, 150 ग्रॅम, 200 कॅलरीच्या आत. ज्वारीत फायबर जास्त असतं, पोट लवकर भरतं, शुगरवाल्यांना भातापेक्षा बरी पडते हे सगळं खरं, मी भाकरीच्या विरोधात नाहीच मुळी. पण "हवी तेवढी" या दोन शब्दांनी सगळा घोळ होतो. कोकणात आणि गोव्यात दोन्ही वेळा भात खाऊन शेतात राबणारी माणसं पिढ्यानपिढ्या होतीच की, त्यांना भाताने पोट सुटलं नाही. आपण तोच भात खाऊन लिफ्टने वर येतो.

आणि गंमत म्हणजे त्या अख्ख्या मेसेजमध्ये तेल हा शब्दच नाही! काटा हाताशी होता म्हणून फोडणीची पळीही मोजली, भरून घेतली तर 15 ग्रॅम, म्हणजे 135 कॅलरी, आणि भाजीला मी अंदाजाने दोन घालते, आमटीला एक. भाकरीबरोबरच्या शेंगदाण्याच्या चटणीत सढळ हाताने घातलेलं वेगळंच. घरात माणसं चार, 5 लिटरचा डबा 1 तारखेला फोडला की महिनाअखेर तळाला, हिशेब केला तर माणशी रोज 38 ग्रॅम तेल, साडेतीनशेच्या जवळ कॅलरी, आणि बाहेरचं तळलेलं यात धरलेलंच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जो 2,000 कॅलरीच्या ताटाचा नमुना दिला त्यात दिवसाला 27 ग्रॅम आहे. म्हणजे नवऱ्याचा भात बंद करण्यापेक्षा मी पळी बदलली असती तर जास्त फरक पडला असता, तशी आता बदललीये, पोह्याच्या चमच्याने मोजून घालते, पहिले चार दिवस भाजी कोरडी लागली, मग कोणी काही बोललं नाही.

7 नंतर खायचं नाही. आत्या, तू संकष्टी करतेस, चंद्रोदय बऱ्याचदा 9 च्या पुढे, मग चंद्राला काय सांगायचं, लवकर उगव? मला घरी पोचायलाच पावणेआठ होतात. पोटाला घड्याळ कळत नाही असं मी म्हणणार नाही, उशिरा खाल्लं की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते असं काही छोट्या अभ्यासात दिसलंय, आणि जेवून लगेच आडवं झालं की जळजळ होते हे तर आपल्याला माहितीच आहे. पण चीनमध्ये लठ्ठ लोकांवर वर्षभराचा प्रयोग झाला होता, 2022 ला छापून आला, एका गटाने कॅलरी मोजून फक्त सकाळी 8 ते दुपारी 4 मध्ये खाल्लं, दुसऱ्याने तेवढ्याच कॅलरी दिवसभरात कधीही. पहिल्यांचं सरासरी 8 किलो उतरलं, दुसऱ्यांचं 6.3, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच निघाला. 7 चा नियम ज्यांना लागू पडतो त्यांना तो पडतो कारण त्यांचं रात्री टीव्हीसमोरचं फरसाण बंद होतं. तेवढं फरसाणच बंद करा की, जेवण कशाला बंद करताय.

10,000 पावलांचा आकडा कुठून आला हे कळल्यावर मी खूप हसले होते. 1964 ला टोकियो ऑलिंपिक झालं, पुढच्या वर्षी एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, नाव ठेवलं मान्पो-केई, अर्थ दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल, लक्षात राहणारा, झालं. 2019 ला अमेरिकेत सत्तरीच्या आसपासच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास झाला त्यात रोज 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण 7,500 नंतर फायदा वाढायचा थांबला. म्हणून "एक कमी चालणार नाही" हे वाचून जे 4,000 वरच थकतात आणि मग चालणंच सोडतात त्यांचं हा मेसेज सरळ नुकसान करतो. चाला, मीही चालते. फक्त 4 किलोमीटर चालून 200 च्या आसपास कॅलरी जातात आणि वॉकवरून येताना नाक्यावरच्या एका वडापावात 300 परत येतात एवढं लक्षात असू द्या.

पट्टा. हा अनुभव आमच्या घरचाच, भावाने ऑनलाइन मागवला होता, कुठल्या कंपनीचा ते सोडा. मे महिन्यात डोंबिवलीत, पंखा बंद करून, तो काळा रबरी पट्टा बांधून पठ्ठ्या रोज अर्धा तास गच्चीत उड्या मारायचा. काट्यावर 700 ग्रॅम कमी, केवढा आनंद, मग दोन तांबे पाणी प्यायला आणि परत काट्यावर चढायची हिंमत झाली नाही. आठ दिवसांत पोटभर घामोळं उठलं ते वेगळंच. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, अंग गार ठेवायची सोय. घामाने चरबी गेली असती तर सकाळच्या फास्ट लोकलमध्ये उभं राहणाऱ्या सगळ्यांच्या बरगड्या दिसल्या असत्या. चरबी जळते तेव्हा जाते कुठे हे दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 2014 ला मांडलं होतं, 10 किलोपैकी 8.4 किलो कार्बन डायॉक्साइड होऊन श्वासावाटे, उरलेले 1.6 पाणी होऊन. म्हणजे ती जाते मुख्यतः नाकातून!

आणि क्रंचेस मारून पोटाचीच चरबी जाते हेही नाही. टेनिस खेळणारे वर्षानुवर्षं एकाच हाताने बॅट मारतात, 1971 ला त्यांच्या दोन्ही हातांवरचा चरबीचा थर मोजला होता, स्नायू एका हाताचे मोठे पण चरबी दोन्हीकडे सारखीच. कुठली आधी जाणार ते शरीर ठरवतं, आपल्याला विचारत नाही.

उपवासाबद्दल दोन गोष्टी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट आणि तूप, एक प्लेट खिचडी 400-450 कॅलरी आरामात, आणि ती उपवासाला आपण दोनदा घेतो, वर वेफर्स. ही झाली हसण्यावारी न्यायची गोष्ट. दुसरी नाही. आत्या, तुझी शुगरची गोळी चालू आहे. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं तर शुगर एकदम खाली जाते, हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस पडू शकतं. मागच्या चतुर्थीला तुला देवघरासमोर चक्कर आली ती आपण सगळ्यांनी उन्हावर ढकलली. मेसेजमध्ये "शुगर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा" ही एक ओळ असती तरी मी एवढी चिडले नसते, उलट डॉक्टर सांगणार नाहीत म्हणे! विचार त्यांना, कुठली गोळी कधी घ्यायची ते तेच सांगतील.

राहिलं सातवं, बायकांनी वजनं उचलू नयेत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा दोघांचा एकत्र फोटो 2004 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, अगदी सारखा, पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. आपली हाडं-पेरं अशीच, दिसायला बारीक, आत चरबी जास्त, स्नायू कमी. त्यात वरचा मेसेज पाळला, म्हणजे भात नाही, रात्रीचं जेवण नाही, दोन उपवास आणि ताटात पातळ आमटीची वाटी जिच्यात जेमतेम 4-5 ग्रॅम प्रोटीन, तर काट्यावरून जे उतरतं त्यात स्नायूही उतरतात, जे आधीच कमी आहेत. 60 किलोच्या बाईला दिवसाला किमान 50 ग्रॅम प्रोटीन लागतं, आमच्याकडे आता संध्याकाळी उसळ ही भाजीसारखी चमचाभर न वाढता वाटी भरून वाढते, अंडी चालतात त्यांनी अंडी. पुरुषी अंग होण्याचं म्हणाल तर तसे स्नायू कमवायला पुरुषांनाही वर्षं लागतात, आठवड्यातून दोनदा 3 किलोचं डंबेल उचलून माझी साधी ब्लाउजची बाही घट्ट झालेली नाही. आणि तांदळाची 10 किलोची पिशवी तिसऱ्या मजल्यावर चढवताना कोणी म्हणत नाही की बायकांनी वजन उचलू नये.

आत्या, तुझ्यावर राग नाही, तू काळजीने पाठवलंस. पण मागच्या वेळी पंगतीतून उठताना तू दोन्ही हात टेकलेस आणि तरी मला दंडाला धरून उठवावं लागलं, मला त्या 6 किलोपेक्षा त्याचं जास्त वाटतंय. रविवारी येतेय. काटा काढू नकोस, स्वयंपाकघरातली ती जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, हात न टेकता उठ-बस किती जमतं ते बघू, पाच जमलं तरी चालेल.