उसना गहिवर? ‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. बुधवारी पुन्हा वाचली. गुरुवारी बायकोला वाचून दाखवली, ती म्हणाली, “सोडून द्या.” दोन दिवस सोडून दिली. आज रविवार आहे, बाहेर पाऊस आहे आणि ती काही सुटलेली नाही. म्हणून हे उत्तर.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘तळघरातले सूर’ या लेखात मी १९५०च्या दशकातल्या अमेरिकी गायकगटांबद्दल लिहिलं होतं. चार-पाच पोरं, बहुतेक कृष्णवर्णीय, कुणी शाळेत तर कुणी नुकतं शाळेबाहेर पडलेलं. वाद्यं विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून वाद्यांचं कामही गळ्यानंच करायचं. एक मुख्य गायक, एक खर्जातला, एक अगदी वरच्या पट्टीत तरंगणारा आणि मधले दोघं ‘ऊ’ धरून. पुढे याला डू-वॉप असं नाव पडलं, पण ती मुलं गात होती तेव्हा हे नाव कुणाला माहीत नव्हतं.

त्यावर ‘स्पष्टवक्ता’ असं टोपणनाव घेतलेल्या वाचकांचं म्हणणं असं: फाइव्ह सॅटिन्स या गटाच्या ज्या ध्वनिमुद्रणाचं मी कौतुक केलं त्यात पाच नव्हे, चारच जण गायले होते. सगळी गाणी त्याच चार कॉर्डवर, म्हणजे एकत्र लावलेल्या सुरांच्या त्याच चार गुच्छांवर. शब्दांच्या जागी शू-बी-डू. गायकांना पैसे काय मिळाले आणि गोऱ्या गटांनी त्यांची गाणी कशी उचलली, यावर लेखकाची दातखीळ बसलेली. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं (हार्लेम म्हणजे न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती): ‘गिरगावात वाढलेल्या माणसानं हार्लेमच्या कोपऱ्यावरच्या आठवणींनी डोळे पुसावेत हा उसना गहिवर आहे, न्यू जर्सीत घर घेतलं की तिथल्या आठवणीही हप्त्यानं मिळतात वाटतं.’

पहिला मुद्दा मान्य. निखालस मान्य. फेब्रुवारी १९५६मध्ये न्यू हेवनच्या सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ ध्वनिमुद्रित झालं तेव्हा मुख्य गायक फ्रेड पॅरिस आणि त्याचे तीन साथीदार एवढेच गात होते. गटाच्या नावात ‘फाइव्ह’ आहे म्हणून मी पाच लिहून मोकळा झालो. चूक दाखवलीत, आभार. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे आपल्या लक्षात यावं म्हणून ती सर्वांत आधी घेतली.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. ‘हप्त्यानं’ आणि ‘वाटतं’. बाकीची प्रतिक्रिया माहिती देते, हे दोन शब्द चिमटा काढतात. टीका करायला माझी ना नाही, पंधरा वर्षं लिहितोय, पुष्कळ सोसली आहे. पण ज्या माणसाला चार आणि पाच यांतला फरक कळतो, त्याला टीका आणि टोमणा यांतला कळू नये? आणि घराचं म्हणाल, तर हप्ते मी तीस वर्षं भरले, २०२२ साली संपले. त्यात आठवणी फुकट मिळाल्याचं मला तरी दिसलं नाही.

‘उसना गहिवर’ म्हणजे काय, ते मला समजून घ्यायचं आहे. जे आपण जगलो नाही त्याबद्दल आपल्याला काही वाटलं की ते उसनं, असंच ना? मग ‘मानापमान’ १९११ साली रंगमंचावर आलं, तेव्हा आपण कुठल्या रांगेत बसला होतात? बालगंधर्वांची तबकडी लावून ‘काय तो काळ’ म्हणणारे माझ्या ओळखीतच चाळीस जण असतील. त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना ऐन भरात पाहिलेलं नाही. त्यांना कुणी विचारत नाही की हा गहिवर कुणाकडून आणलात आणि परत कधी करणार. मराठी माणसानं मराठी गतकाळासाठी गळा काढला की संस्कृती, आणि दुसऱ्याच्या गतकाळासाठी डोळे ओले झाले की उसनवारी?

बरं, हा गहिवर पहिल्यापासूनच कुणाच्या मालकीचा नव्हता. हे आपल्याला ठाऊक असायला हवं, कारण आपल्याला बरंच ठाऊक आहे. १९५९ साली लॉस एंजेलिसच्या आर्ट लबो या रेडिओनिवेदकानं ‘ओल्डीज बट गुडीज’ नावाची एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी काढली. त्यात पेंग्विन्स या गटाचं ‘अर्थ एंजल’ होतं, १९५४चं, आणि आपलं हे १९५६चं तळघरातलं गाणंही होतं. तीन वर्षांपूर्वीचं गाणं ‘जुनं ते सोनं’ म्हणून विकलं आणि लोकांनी रांगेनं घेतलं! घेणारी पोरं पंधरा-सोळा वर्षांची. गाणं आलं तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती, त्यांच्या कसल्या आल्या आठवणी? खुद्द फ्रेड पॅरिस सैन्यात होता. गाणं गाजत होतं तेव्हा तो जपानमध्ये. आपल्याच गाण्याचा गाजावाजा त्यालाही दुरूनच. या गाण्यांत सरून गेलेल्या रात्रीची हुरहुर आधीच भरलेली असते, ऐकणारा ती रात्र जगला असो वा नसो. उसनं म्हणायचं तर सगळ्यांचंच उसनं आहे, स्पष्टवक्ते.

आता माझं. खरं तर हे लिहिणार नव्हतो, पण आपण गिरगाव काढलंत.

मी १९८९ साली जर्सी सिटीत आलो. ऑफिसात बोलायला माणसं होती, घरी कुणी नाही. बायको-मुलगी मुंबईत, व्हिसाची वाट बघत. रविवारी रात्री रेडिओ लावायचो. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएम या केंद्रावर डॉन के. रीड यांचा ‘डू-वॉप शॉप’ नावाचा कार्यक्रम लागायचा. पहिल्या रविवारी ऐकलं ते फ्लमिंगोजचं ‘आय ओन्ली हॅव आइज फॉर यू’. गाणं मूळ १९३४च्या एका सिनेमातलं, या गटानं १९५९ साली गायलेलं. आवाज विहिरीच्या तळाशी बसून गावं तसे. मला इंग्रजी येत होतं, तरी शब्दांकडे लक्षच गेलं नाही. मागचे लोक जे म्हणत होते त्याला अर्थ नव्हता, आणि त्या रात्री तेवढंच मला पुरलं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहायचे. पन्नाशी उलटलेली, टपालखात्यात आयुष्य गेलेलं. शनिवारी संध्याकाळी ते आणि त्यांचे मित्र तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या खोलीत जमून गायचे. तिथेच का, तर भिंतींना पांढऱ्या टाइल्स. बाथरूममध्ये गाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मी कपडे घेऊन जायचो आणि वाळल्यानंतरही बसून राहायचो. एकदा त्यांच्यातल्या एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मधला आवाज कमी पडला. मला उभं केलं.

काम सोपं होतं. आपण ज्या चार कॉर्डची चेष्टा केलीत ना, त्याच. आपल्या स्वरांत सांगायचं तर पहिली सा-ग-प, दुसरी ध-सा-ग, तिसरी म-ध-सा, चौथी प-नी-रे. पहिल्या तिन्हींत सा आहे. मला एवढंच सांगितलं होतं की तीन कॉर्ड सा धरायचा, चौथ्याला नीवर उतरायचं आणि परत यायचं. नुसतं ‘ऊ’. लहान मुलाला जमेल.

मला जमेना. आमच्या चाळीत दर एकादशीला भजन असायचं, मी सातव्या वर्षापासून टाळ धरलेला. माझा कान तिथे तयार झालेला. भजनात बुवा जिथे जातील तिथे सगळे जातात. वर गेले की वर, खाली आले की खाली. मुख्य गायक गंधारावरून पुढे सरकला की माझा गळा मुकाट त्याच्यामागे जायचा. एकाच वेळी दुसरा एक सूर कानावर येत असताना आपला सूर न सोडणं म्हणजे काय, हे मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. खर्ज गाणारे ते टपालवाले माझ्या मागे उभे राहायचे आणि वरचा गायक निघाला की माझा खांदा दाबून धरायचे, जत्रेत पोर सुटू नये म्हणून धरतात तसा. अडीच महिने लागले. तोवर मूळ माणसाचा गुडघा बरा झाला होता, तरी त्यांनी मला राहू दिलं.

आणि ज्या शनिवारी माझा सा पहिल्यांदा टिकला, त्या शनिवारी मला या गाण्यांची भूल का पडते ते कळलं. मी एकच सूर धरून उभा होतो. पहिल्या कॉर्डला तो सा घरात असल्यासारखा लागला. दुसरीला तोच सा उदास झाला. तिसरीला तो कशाला तरी टेकून बसल्यासारखा. मी काहीही केलं नव्हतं. माझ्याभोवतीचे लोक हलले होते. आमच्या भजनात मी बुवांना ऐकायचो, तिथे मी चौघांना ऐकत होतो आणि ते मला. त्या काळची बरीचशी ध्वनिमुद्रणं अशीच झाली. फार तर एक-दोन माइक, आवाजाचा तोल कुणी किती जवळ उभं राहायचं त्यावर. ‘अर्थ एंजल’ तर लॉस एंजेलिसमधल्या एका घराच्या गॅरेजमध्ये झालं. कुणाचा सूर किंचित हलतो, बाकीचे त्याला सावरून घेतात, तबकडीवर ते सगळं राहतं. मला ऐकू येतं ते हे. नंतर स्वच्छ, तुकड्यातुकड्यांनी केलेल्या गाण्यांत ते मला सापडत नाही.

आता सांगा, हे कुणाकडून हप्त्यानं घेतलं मी?

राहिलेले मुद्दे. शू-बी-डूला अर्थ नाही, हे तराणा ऐकणाऱ्या समाजानं म्हणू नये. आणि शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ करतात, त्याचा शब्दकोशातला अर्थ मला कळवा, मी या बाजूला छापतो. सगळी गाणी सारखी वाटतात, तर वाटोत. ओव्याही एकाच चालीवर म्हणत आल्या बायका, जात्यावर बसून. कंटाळा ऐकणाऱ्याला आला असेल, दळणारीला नाही.

पैशांचा मुद्दा. तो लेखात नव्हता, हे खरं. पण लेख सुरांवर होता, हिशेबावर नव्हता, आणि ‘दातखीळ’ हा शब्द आपण परत घ्यावा असा माझा आग्रह आहे. मला ठाऊक नाही असं समजलात का? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ‘कॉर्ड्स’ नावाच्या गटानं १९५४ साली ‘श-बूम’ गायलं आणि त्याच वर्षी टोरंटोच्या क्रू-कट्स या गोऱ्या गटानं ते आपल्या पद्धतीनं गाऊन पहिल्या क्रमांकावर नेलं, हे कुठल्याही पुस्तकात आहे. फ्रँकी लायमन तेरा वर्षांचा असताना ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ गायला आणि २५व्या वर्षी हेरॉइननं गेला. त्या गाण्यात आपलाही हात आहे म्हणून त्याच्या गटातले दोघं कोर्टात गेले, १९९२ साली जिंकले आणि १९९६ साली ‘दावा उशिरा केलात’ म्हणून हरले. सगळं ठाऊक आहे. आमच्या टपालवाल्यांच्या गटाचीही एक तबकडी निघाली होती. काय मिळालं विचारलं, तर म्हणाले, “सूट मिळाला. पाचही जणांना एकाच रंगाचा.” आणि मग हसून म्हणाले की सुटाचे पैसे नंतर कापून घेतले. तबकडीचे आलेच नाहीत. हे मी मूळ लेखात घातलं नाही. घातलं असतं तर लेख वेगळा झाला असता, आणि मला तो तसा लिहायचा नव्हता. लिहीनही कधी. पण आपल्या तालावर नाही.

त्यांनाही मी एकदा विचारलं होतं, राग येत नाही का. उत्तर दिलं नाही. खिशातून पट्टी द्यायची ती छोटी शिट्टी काढली, वाजवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

असो. मूळ लेखात ‘पाच’चे ‘चार’ केले आहेत आणि खाली ‘एका वाचकाच्या सूचनेवरून’ असं टाकलं आहे. नाव टाकलं असतं, पण आपण ते दिलेलं नाही.