खुलासा : तपासणीच्या गाडीबद्दल फिरणारा मेसेज

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले यंत्रमाग कामगार आणि हायवेवरच्या ट्रकचालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'एचआयव्ही तपासणीच्या गाडीत सगळ्यांना एकच सुई टोचतात, पॉझिटिव्ह निघालात की नाव मालकाला कळवतात.' दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

बोटाला टोचायची लॅन्सेट (छोटी सुई) एकदाच वापरायची असते. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रक्ताचा एखादा थेंब पुरतो, निकाल साधारण अर्ध्या तासात मिळतो.

नावाचं म्हणाल तर 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि मालकाला निकाल सांगता येत नाही. नोकरी देण्याआधी ही तपासणी सक्तीची करणंही बेकायदा आहे. (हे मालकलोकांनीही वाचावं.)

मेसेजमध्ये नसलेली, पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. गाडीतली चाचणी ही प्राथमिक असते. तिच्यात संशय आला म्हणजे लागण झालीच, असं नाही; सरकारी आयसीटीसी केंद्रात (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) आणखी चाचण्या करूनच निदान पक्कं होतं. उलट, नुकताच धोका पत्करला असेल तर निगेटिव्ह निकालावरही निर्धास्त राहू नका, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. सरकारी केंद्रात तपासणी आणि एआरटी (एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी) औषधं मोफत आहेत. शंका असेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, तोही मोफत आहे.