आत्याला आता कुणालाही माफ करायचं उरलेलं नाही

दिवाळीनंतर कराडला आत्याकडे गेले, तेव्हा ती चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पीत होती. कपाच्या कानात बोट जात नव्हतं. पोलक्याची हुकं शेजारची मुलगी लावून देते, म्हणाली. आत्याला चार वर्षांपासून आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस, आहे. रक्ताच्या तपासण्या करून झालेलं निदान आहे ते. आठवड्याला एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी घेऊन ती भाकऱ्या थापण्याइतकी बरी झाली होती. ती गोळी तिने दोन महिन्यांपूर्वी बंद केली, घरच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक मेसेज वाचून. मला हळू आवाजात म्हणाली, "सगळ्यांना माफ केलं गं मी. सासूबाईंना केलं, धाकट्या दिरांना केलं. अजून कोण राहिलंय तेच कळेना."

तो मेसेज मी तिच्याच फोनवर वाचला. लांबलचक आहे, पण सार एवढंच: शरीर काही विसरत नाही. जुनाट दुखणं म्हणजे आत कोंडलेला आघात. प्रत्येक अवयवाचं दुःख ठरलेलं आहे, आणि त्याचा तक्ताच दिलाय. गोळ्या नुसती लक्षणं दाबतात, म्हणून 21 दिवस त्या बंद ठेवा, दीर्घ श्वास घ्या, माफ करा. शेवटी पुरावा म्हणून लिहिलंय की अमेरिकेत 66 टक्के लोकांचं दुखणं औषधाविना गेलं.

आधी तो तक्ता. "कंबर म्हणजे पैशाची काळजी, गुडघे म्हणजे अहंकार, मान म्हणजे हट्ट, बोटं म्हणजे माफ न केलेली माणसं." हे कुणी, किती माणसांवर तपासलं, याचा मेसेजमध्ये एक शब्द नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका दिवसभर वाकून ऊस तोडतात, डोक्यावर मोळ्या वाहतात. त्यांचे गुडघे दुखतात ते अहंकाराने, असं हा मेसेज लिहिणाऱ्याने फडावर जाऊन त्यांना सांगून दाखवावं. एका ठिकाणचं दुखणं दुसरीकडे जाणवतं हे खरं आहे. हृदयविकाराची कळ डाव्या हातात किंवा जबड्यात येते, पित्ताशयाची उजव्या खांद्याकडे जाते. पण ती नसांची जोडणी आहे. वेगवेगळ्या भागांतून आलेल्या संवेदना मज्जारज्जूत एकाच जागी पोचतात आणि मेंदूचा ठिकाणाबद्दल गोंधळ होतो. डावा हात दुखायला लागल्यावर एखादा माणूस कुठलं नातं दुखावलं ते आठवत बसला, तर त्याचा जीव जाईल.

आता गोळ्यांचं. मला सगळ्यात जास्त संताप याचाच आहे.

मेथोट्रेक्सेट ही दुखणं दाबायची गोळी नाहीच. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्याच्या अस्तराला सूज येते, ते जाड होतं आणि कूर्चा व हाड कुरतडायला लागतं. ही गोळी त्या हल्ल्याला आवर घालते. म्हणून ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, सोबत फोलिक ॲसिड असतं, आणि मधून मधून रक्ताच्या व यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. ती सोडली की सूज परत येते. सूज औषधाने पुन्हा उतरते, पण झिजलेलं हाड भरून येत नाही. आत्याची सकाळ सध्या अशी जाते: सहाला जाग येते, साडेसातपर्यंत मुठी वळत नाहीत, मग कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसते. सकाळी तासाभरापेक्षा जास्त टिकणारा आखडलेपणा आणि बोटांच्या मुळाशी सूज, ही आमवाताची ठळक लक्षणं आहेत. ती दिसली तर डॉक्टरकडे जायचं, क्षमायादी करत बसायचं नाही.

आणि माफीचं म्हणाल, तर हा मेसेज किती दुष्ट आहे ते बघा. दुखणं गेलं तर श्रेय मेसेजचं. नाही गेलं तर तुम्ही मनापासून माफ केलं नाही, म्हणजे दोष तुमचाच. बासष्ट वर्षांची बाई, जिने जन्मभर सगळ्यांचं केलं, ती रात्री जागून स्वतःच्या मनात खोट शोधते आहे. हातातल्या दुखण्यावर आता अपराधीपणा वाढवून दिलाय तिला.

राहिला 66 टक्क्यांचा आकडा. तो खोटा नाही, हे मला कबूल केलं पाहिजे, कारण तो अभ्यास मी वाचला. कोलोरॅडोमधल्या बोल्डर इथे झालेला हा प्रयोग 2021 मध्ये 'जामा सायकियाट्री' या नियतकालिकात आला. जुनाट पाठदुखीची 151 माणसं, त्यांचे तीन गट. पहिल्या गटातल्या 50 जणांना चार आठवडे खास मानसोपचार दिले: हे दुखणं धोक्याचं नाही हे समजून घेणं, आणि दुखत असताना न घाबरता त्या संवेदनेकडे लक्ष देणं. त्यातले 33 जण उपचारांनंतर वेदनामुक्त किंवा जवळजवळ वेदनामुक्त झाले. दुसऱ्या गटाला पाठीत नुसत्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलं, आणि तसं आहे हे सांगूनच दिलं. तिथे 51 पैकी 10 बरे झाले. नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्या 50 पैकी 5. वर्षभरानंतरही पहिल्या गटाचा फायदा बराचसा टिकून होता. फार मोठी गोष्ट आहे ही, आणि पाठदुखीने वर्षानुवर्षं गांजलेल्या माणसाने ती जरूर ऐकावी.

पण मेसेजने काय गाळलं ते बघा. अभ्यास पाठदुखीचा होता. आमवाताचा नाही, बोटांचा नाही, गुडघ्यांचाही नाही. माणसं बहुतेक शिकलेली, हिंडतीफिरती होती आणि दुखणं सौम्य ते मध्यम. उपचारांच्या आधी डॉक्टरने प्रत्येकाशी बोलून दुखण्याची छाननी केली होती. 'दुखापत आता उरलेली नाही' हे त्यांना सांगता आलं ते त्या छाननीमुळे. आपल्याकडे तर पाठीच्या कण्याचा क्षयही पाठदुखी म्हणूनच सुरू होतो. ताप, उतरत जाणारं वजन, रात्री झोपू न देणारी कळ, लघवी अडणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, यातलं काहीही असेल तर आधी तपासणी. श्वासाचे व्यायाम नंतर.

"शरीर विसरत नाही" यात थोडं तथ्य आहे. जखम भरल्यावरही मज्जासंस्था सावधच राहू शकते. चोर केव्हाच गेला, तरी पान सळसळलं की भुंकणाऱ्या वाड्यावरच्या कुत्र्यासारखी. ते दुखणं काल्पनिक नसतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2020 च्या व्याख्येतच वेदनेला संवेदनेचा आणि भावनेचा अनुभव म्हटलंय, आणि प्रत्यक्ष इजा नसतानाही ती असू शकते हे मान्य केलंय. लहानपणी मार किंवा अत्याचार सोसलेल्यांमध्ये पुढे जुनाट दुखणी जास्त आढळतात, हेही खरं. पण जास्त आढळतात म्हणजे प्रत्येक दुखण्यामागे आघात असतो, असं होत नाही.

इथे काही डॉक्टरांनाही बोल लावावा लागेल. "मणक्यात गॅप आलाय, आता वाकायचं नाही" असं सांगून ते माणसाला जन्माचा घाबरवून सोडतात. पाठ अजिबात दुखत नसलेल्या 3110 माणसांच्या एमआरआय-सीटी स्कॅनच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये आला. विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, आणि दुखत कुणाचंच नव्हतं. हे कुणी नीट समजावत नाही, दुसऱ्या टोकाला "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचं आहे" म्हणून बोळवण करतात, आणि मग माणसं असल्या मेसेजवर विश्वास ठेवतात.

मेसेजमधलं बाकीचं पटकन. मांडीच्या वरच्या स्नायूत आघात 'साठतो' हे चूक. ताणाने स्नायू आवळतात, पण आठवणी मेंदूत असतात. दीर्घ श्वासाने हृदयाचे ठोके संथ होतात, जिवाला बरं वाटतं. आत्याने तो जरूर करावा, गोळीच्या सोबत.

परवा तिला डॉक्टरकडे नेलं. ते रागावले नाहीत, याचे मी त्यांचे आभार मानले. रक्त तपासून गोळी परत सुरू केली. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला जास्तीच्या घ्यायच्या नाहीत आणि रोज तर कधीच नाही, हे तीनदा बजावलं. वार ठरवून दिला रविवार, तिच्या लक्षात राहावा म्हणून. औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतील. बाहेर पडताना तिने विचारलं, "म्हणजे यात माझं काही चुकलं नव्हतं ना?" नव्हतं, आत्या. ग्रुपवर तो मेसेज ज्याने टाकला त्या दादाला मी हे सगळं पाठवलंय, आणि मेसेज काढून टाक असं स्पष्ट सांगितलंय.